आठवी विभक्ती

गुरुजींनी आयुष्यात कधी कोणाला शिकवलं नव्हतं. अमरावतीत राजकमल चौकाच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं शिलाई मशीनचं दुकान होतं. बाप, आजा, पणजा सगळे भिक्षुकी करणारे, म्हणून गल्लीनं त्यांनाही गुरुजी करून टाकलं, आणि त्यांनी ती पदवी दक्षिणेसारखी मुकाट खिशात घातली. मशीन विकली गेली की खोक्यात बंद करण्याआधी ते तिच्या चाकाला हळदीकुंकू लावायचे, बुधलीतून तेल सोडायचे आणि "वाजू नको, अडू नको, धनिणीले रडवू नको" असं स्वतःच रचलेलं काहीतरी पोथीच्या चालीवर म्हणायचे. बाया डोळे मिटून हात जोडायच्या. आमचा मेकॅनिक इस्माईलभाई तेवढा वेळ पेचकस पाठीमागे धरून अदबीनं उभा राहायचा आणि नंतर मला हळूच म्हणायचा, "मंतर चांगला आहे, पन तेल लई टाकते गुरुजी."

मी तिथे कॉम्प्युटर चालवायला होते. मूळची अकोल्याची, म्हणून माझं नाव अकोला. हाक मारायची झाली की मात्र "अकोले!" कोणी हसलं तर गुरुजी व्याकरण काढत. "पोरगी आहे म्हणून अकोले. हाक मारतानी शब्दाचं रूप बदलते. संबोधन म्हणतात त्याले. आठवी विभक्ती. बाकी सातही विभक्त्या खुशाल मोडा, पन आठवीशिवाय माणूस वळून पाहत नाही." पगाराच्या पाकिटावरसुद्धा ते 'अकोला' असंच लिहीत. पहिल्या महिन्यात मला राग आला होता. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर थोडं लाडकं असल्यासारखंही वाटायला लागलं.

नावांवर त्यांचा विश्वासच नव्हता. दुकानात येणाऱ्या बायांमध्ये निम्म्या सुनीता आणि उरलेल्यांत निम्म्या संगीता, त्यामुळे नावानं काही साधत नाही हे खरंच होतं. पण गुरुजींनी त्याचं शास्त्र केलं होतं. "नाव विसरायले असते आणि लक्षण लक्षात ठेवायले असते. लक्षण, लक्षात. पाहा, शब्दातच आहे!" प्रत्येक गिऱ्हाइकाला ते एक लक्षण चिकटवत आणि ते मरेपर्यंत विसरत नसत. 'कानानं कमी', 'बोलतच राहते', 'सासू ऐकते', 'नवरा पितो', 'रडत आली'. ऐकायला हे वाईट वाटतं, पण त्यांचा वापर निराळा होता. 'कानानं कमी'ला फोन करताना ते दुकानाबाहेर जाऊन गल्ली हादरेल असं बोलत. 'नवरा पितो'ला संध्याकाळनंतर कधी फोन करत नसत. 'सासू ऐकते'शी बोलताना आधी सासूच्या गुडघ्यांची चौकशी करत. एकदा इस्माईलभाईनं चुकून 'रडत आली'ला विचारलं, "कैसा चल रहा घर में?" तर गुरुजींनी त्याला काउंटरखालून लाथ मारली होती. लाथ मला लागली, ते सोडा.

त्या वर्षांत आमचा धंदा जोरात होता आणि गुरुजींना त्याची लाज वाटायची. कापूस गेला, बोंडअळीनं खाल्ला, पावसानं झोडपला, की पंधरवड्यात दुकानात बायांची रांग. शेतात काही उरलं नाही म्हणून ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवून घर चालवायचं ठरवलेल्या बाया. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यांत काम लागेल या आशेनं शिकायला आलेल्या पोरी. गुरुजींनी दिवाळीत दुकानाला माळा लावणं बंद केलं. शेजारच्या भांडीवाल्यानं कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्यांच्या घरी अंधार पडला की आपल्या दुकानात उजेड पडते. त्याची अजून रोषणाई कायले करू?" इतका हळवा माणूस बिल फाडताना मात्र आपल्या आजोबांच्याही आजोबासारखा वागायचा.

बिल नवऱ्याच्या नावानं. बाई एकटी आलेली असो, तिनं स्वतः जमवलेलं आणलेलं असो, नवरा गावात असो नसो. "संकल्प सोडतानी यजमानाचं नाव घेतात," गुरुजी सांगायचे. "बायकोनं फक्त त्याच्या हाताले हात लावायचा. पुण्य दोघाले मिळते." बायासुद्धा कुरकुरत नसत. नाव विचारलं की आपसूक नवऱ्याचंच सांगत, काही जणी तर ते स्वतः न उच्चारता सोबतच्या बाईला सांगायला लावत. मी ती बिलं कॉम्प्युटरवर चढवत होते. मलाही त्यात कधी काही खटकलं नाही.

मग पुण्याहून मशीनच्या कंपनीची योजना आली. नाव होतं 'आपल्या ग्राहकाला ओळखा'. ते वाचून गुरुजी खदखदून हसले. "पाहा इस्माईल, पुण्याचे लोक आता आपल्याले गिऱ्हाईक ओळखायले शिकवून राहिले!" पण योजना कळल्यावर ते खूश झाले. आम्ही ग्राहकांची यादी पाठवायची; नाव, संबोधन, गाव, मोबाइल आणि मशीन कोणती ते. त्यावरून कंपनी प्रत्येकीसाठी वेगळी लिंक तयार करणार होती. त्या लिंकच्या पोटातच तिची सगळी माहिती भरलेली. तिनं नुसतं बोट लावलं की तिच्या नावानं नमस्कार, खाली तिचं गाव, तिची मशीन, आणि मग पाहणीचे प्रश्न. तिला स्वतःबद्दल काही लिहायची गरजच नाही. "हे तर संकल्पासारखंच झालं," गुरुजी म्हणाले. "नाव, गोत्र, ठिकाण सगळं आधीच म्हणून ठेवलेलं. यजमानानं फक्त पाणी सोडायचं."

यादी त्यांनी मला करू दिली नाही. मी मावसबहिणीच्या लग्नाला अकोल्याला गेले होते, आणि तेवढ्या दिवसांत गुरुजींनी दोन बोटांनी टकटक करत ती स्वतः भरली. 'नाव' या रकान्यात बिलावरचं नाव, म्हणजे नवऱ्याचं. आणि 'संबोधन'? कंपनीला तिथे श्री किंवा श्रीमती हवं होतं. पण आठव्या विभक्तीच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची कोणाची टाप होती? संबोधन म्हणजे आपण जे म्हणून हाक मारतो ते. त्यांनी सगळ्या बायांची सगळी लक्षणं, एकही न विसरता, त्या रकान्यात उतरवली आणि यादी पुण्याला धाडून दिली.

मी अकोल्याहून परतले त्या सकाळी लिंका सुटल्या होत्या. पहिला फोन परतवाड्याचा होता. एक पुरुष विचारत होता की 'नमस्कार बोलतच राहते अशोक' याचा अर्थ काय. दुसरा फोन आला, 'नमस्कार सासू ऐकते गजानन'. इस्माईलभाई हसून हसून खाली बसला. मीही हसले. 'नमस्कार कानानं कमी विनोद' ऐकल्यावर आम्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी एकटेच हसत नव्हते. माझ्या मागे उभे राहून ते पडद्यावरचा 'संबोधन' हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचत होते, आणि 'नवरा पितो' आलं तेव्हा त्यांनी काउंटर धरला. मग माझंही हसू गेलं.

दुपारी एक फोन आला तो त्यांनी स्वतः उचलला. समोर एक बाई होती; ती ओरडत नव्हती, तरी तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"गुरुजी, तुमी असं काहून केलं?"

एवढंच. फोन ठेवला गेला. गुरुजींनी रिसिव्हर बराच वेळ कानालाच धरून ठेवला. "अंजनगावची," ते म्हणाले. "नवरा सोडून गेला." मला आधी वाटलं ते काहीतरी बातमी सांगतायत. मग कळलं, हे तिचं लक्षण आहे.

अंजनगाव सुर्जीची ही बाई मशीन घ्यायला एकटी आली होती. गुरुजींनी सवयीनं "मालक कुठं?" विचारलं, आणि तिनं का कोण जाणे, त्यांच्या तोंडाकडे पाहून खरं सांगितलं होतं. प्रकाश, तिचा नवरा, सुरतेला गिरणीत कामाला गेला तो तिथेच दुसरा संसार करून बसला. गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं. ती शिवणाचे पैसे दर महिन्याला दिराच्या हातात ठेवून 'सुरतेहून आले' म्हणून सांगत होती. तेवढ्यावर तिला सासरच्या वेगळ्या खोलीत जागा होती आणि तिच्याकडे शिवण शिकायला चार पोरी येत होत्या. गुरुजींनी ते लक्षण अशासाठी लिहून ठेवलं होतं, की फोन केला तर चुकूनही 'मालक कसे आहेत' असं तोंडातून निघू नये. आणि मोबाइलचा नंबर? तिच्याकडे तेव्हा फोन नव्हता. तिनं दिराचा दिला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दुकान इस्माईलभाईवर सोडलं. मला म्हणाले, "चाल." बिलबुक पिशवीत घातलं आणि आम्ही अंजनगावच्या एसटीत बसलो. दुकान सोडून हा माणूस कधी वलगावच्या पलीकडे गेलेला मी पाहिला नव्हता. वाटेत ते मनात काहीतरी जुळवत होते, ओठ हलत होते. माफी मागण्याचे शब्द असतील. त्यांना त्याची सवय नव्हती.

ती ओट्यावर बसून हातानं काजं करत होती. मी तिला पूर्वी दुकानात पाहिलं असेल, पण चेहरा आठवत नव्हता. दाराच्या आत, उजेडाला, सारवलेल्या जमिनीवर मशीनच्या पायांचे दाबलेले ठसे होते. मशीन नव्हती.

"दिरानं नेली," ती म्हणाली. "म्हणाला, माह्या भावाची वस्तू आहे. तो येत नाही तवर माह्या घरी राहीन. तुमच्याच कंपनीनं लिहून धाडलं ना, मशीन प्रकाशची म्हणून."

तेव्हा मला पुरतं उमगलं. 'नमस्कार नवरा सोडून गेला प्रकाश' या एका ओळीनं दोन गोष्टी एकदम सांगितल्या होत्या. नवरा गेला, आणि मशीन नवऱ्याची. पहिलीनं तिचं घरातलं स्थान गेलं आणि दुसरीनं हातातलं काम.

गुरुजींनी वाटेत जुळवलेलं सुरू केलं. "बाई, माह्या हातून मोठा प्रमाद..."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "लिहिलं ते खोटं थोडंच आहे? पन मी तुमाले सांगतलं होतं, गावाले नाही." सुई थांबली नव्हती. "माही मशीन मले वापस मिळाली पायजे. दीर म्हणते, बिल दाखव. बिल बदलून द्या."

"देतो ना! आत्ता देतो," गुरुजी म्हणाले. काहीतरी करता येण्यासारखं आहे हे कळल्यावर त्यांच्यात जीव आला. ओट्यावर मांडी घालून त्यांनी बिलबुक उघडलं, पेनचं टोपण काढलं, गाव लिहिलं, मशीनचा प्रकार लिहिला. मग वरच्या ओळीवर पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

मी वाट पाहिली. तीही. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये तिचं गाव होतं, फोन होता, मशीन होती, नवरा होता, नवरा गेल्याचंही होतं. तिचं नाव नव्हतं. मला ते सांगता आलं असतं तर मी वाटेल ते दिलं असतं.

"तुमच्या मशीनचा पायडल डाव्या अंगानं वाजते," गुरुजी एकदम म्हणाले, विनवल्यासारखे. "तुमी पहिल्या खेपेले निळं पातळ नेसून आल्या होत्या. पानी प्यायल्या नाही, उपास होता. मले सगळं आठवते, बाई."

"अन् नाव?"

गुरुजींची मान खाली गेली. गल्लीभर मिरवलेलं सगळं शास्त्र त्या ओट्यावर उघडं पडलं होतं, आणि मी त्यांच्या शेजारी बसले होते म्हणून मलाही तोंड लपवावंसं वाटत होतं.

"मी लिहून धाडलं होतं," ती म्हणाली. "दिराचा फोन जावेच्या हातून घेतला. त्या लिंकात सगळं तुमीच भरून ठेवलेलं, काहीच बदलता येईना. खाली 'सूचना' म्हणून जागा रिकामी होती, तिथी लिहिलं. वाचलं नाही काय कोनी?"

कोणी वाचलं नव्हतं. उत्तरं दुकानालाही दिसत होती, पण आम्ही कालपासून तिकडे फिरकलोच नव्हतो. मी माझ्या फोनवर ती उघडली. अंजनगावच्या ओळीत बाकीचे सगळे प्रश्न कोरे होते आणि शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं: 'माझं नाव मंगला आहे. मशीन माझी आहे.'

मी फोन गुरुजींपुढे धरला. त्यांनी तो वाचला आणि बिलावर 'मंगला' लिहिलं. अक्षर त्यांचं एरवी मोत्यासारखं, ते बिघडलं. पुढे हात आपसूक 'प्र' काढायला वळला, तेव्हा ती म्हणाली, "तेवढंच राहू द्या."

बिल घेऊन आम्ही तिघं दिराच्या दारात गेलो. दीर काही राक्षस नव्हता. खांद्यावर दुपट्टा टाकलेला, भाऊ हातचा गेल्याचं कालच कळलेला माणूस होता. अंगणात शेजारचे लोक होते, चार पोरींपैकी दोघीही होत्या. गुरुजींनी बिल पुढे केलं.

"आधीचं बिल मी चुकीचं फाडलं होतं. मशीन मंगलाबाईची आहे. चूक माही आहे."

"अन् कंपनीनं धाडलं ते?" दीर म्हणाला. "तेबी चूकच काय? माहा भाऊ सोडून गेला ते?"

साऱ्या अंगणानं गुरुजींकडे पाहिलं. इथे एक खोटं पुरलं असतं. मशीनच्या नावात चूक झाली तशी तीही झाली, एवढं म्हटलं असतं तर कदाचित सगळं पुन्हा झाकलं गेलं असतं. गुरुजींनी तोंड उघडलं. पण त्यांना खोटं येत नव्हतं, भिक्षुकाच्या घरचा हाही एक दोष. ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यानं जे लोकांना नुसतं वाचून कळलं होतं ते खरं झालं. मंगलाबाईंनी पदर सारखा केला. आतून जावेनं मशीन ओढत दाराशी आणली आणि म्हणाली, "घेऊन जा वं बाई. मले कुठं शिवता येते." दीर आत निघून गेला.

मशीन आम्ही उचलून पुन्हा तिच्या ठशांवर ठेवली. गुरुजींनी सवयीनं तेलाची बुधली शोधायला खिसा चाचपला आणि हात मागे घेतला. निघताना त्यांनी विचारलं, "दुसरं काय लिहू तुमच्या नावापुढं?" त्यांना रकान्याबद्दल विचारायचं होतं. ती म्हणाली, "काहीच नका लिहू." तिनं आम्हाला चहा विचारला नाही, आणि वऱ्हाडात दारी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. त्या दोन पोरी अंगणातूनच परत गेल्या होत्या. पुढे त्या तिच्याकडे शिकायला आल्या की नाही, ते मला माहीत नाही. मंगलाबाई आमच्या दुकानात परत कधी आल्या नाहीत.

त्यानंतर गुरुजी बिल फाडताना विचारायला लागले, "बाई, तुमचं नाव?" बाया नवऱ्याचं सांगत. "त्याचं नाही, तुमचं." मग बाया गोंधळत, एकमेकींकडे पाहत, पदर तोंडाला लावून हसत आणि सांगत. गुरुजी ते नाव लिहून झाल्यावर एकदा मोठ्यानं म्हणून पाहत. लक्षणं त्यांनी सोडली. त्यामुळे 'कानानं कमी'शी ते हळू बोलत आणि तिला काही ऐकू येत नसे, पण इस्माईलभाईनं त्यावरून त्यांची थट्टा केली नाही.

एक दिवस पुण्याहून पाहणीचा अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत तक्ते. गुरुजींनी चष्मा लावून पान न् पान वाचलं. शेवटी एका पानावर 'असंबद्ध उत्तरे' असं शीर्षक होतं. वेगवेगळ्या गावांतून आलेलं काहीबाही तिथे एकत्र दिलं होतं. कोणी कापसाचा भाव विचारला होता, कोणी नुसतं 'जय गजानन' लिहिलं होतं. त्यांत मधेच ती ओळ होती. 'माझं नाव मंगला आहे. मशीन माझी आहे.'

संस्कृत शब्द दिसला की गुरुजी त्याची फोड करून दाखवत, समोरच्यानं मागितली नसली तरी. त्या दिवशी त्यांनी केली नाही. मला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, 'अ' म्हणाले आणि थांबले. मग नुसतंच विचारलं, "याचा अर्थ तिकडं काय करतात?"

"ज्या उत्तराचा विषयाशी संबंध नाही, असं उत्तर," मी म्हणाले.

"अन् विषय काय होता?"

अहवालाच्या पहिल्याच पानावर तो मोठ्या अक्षरांत छापला होता, 'आपल्या ग्राहकाला ओळखा'. मी तो वाचून दाखवला नाही. त्यांनी अहवाल मिटून काउंटरवर ठेवला होता, आणि ते पान वरच होतं.